अनुपानातले विष

वैद्याने औषध द्यावे आणि त्याबरोबर अनुपान सांगावे, ही आपल्याकडची जुनी रीत. मधातून घ्या, तुपातून घ्या, आल्याच्या रसातून घ्या, कोमट पाण्याबरोबर घ्या. मात्रा तीच; पण ती ज्याच्या पाठीवर बसून शरीरात शिरायची, त्या वाहनाचाही विचार वैद्यानेच करायचा, असा दंडक होता. पाश्चात्त्य औषधविद्या आपल्या घरांत रुळली तसे हे अनुपान बाटलीच्या आत गेले. औषध आधीच कशात तरी विरघळवून, रंग व गोडी लावून हाती येऊ लागले आणि ते कशात विरघळवले आहे हे विचारण्याची सवय सुटली. आमच्या मते ही सवय सुटणे ही लहान गोष्ट नव्हती. गेल्या शंभर वर्षांत औषधाने माणसे दगावली म्हणून गाजलेली प्रकरणे उघडून पाहिली, तर पुष्कळ ठिकाणी औषध निर्दोष आणि अनुपान विषारी असा प्रकार आढळतो. नशेसाठी घरच्या घरी काढलेल्या अर्कांची कथाही फारशी निराळी नाही. त्या दोन्ही कथा एकत्र वाचाव्यात, असा आमचा प्रयत्न आहे.

मागच्या पिढ्यांतील वाचकांना धर्मादाय दवाखान्यातले मिक्श्चर आठवत असेल. घरून नेलेली स्वच्छ बाटली, कंपाउंडरने ओतलेले लाल वा पिवळे पाणी, आणि डोस समजावेत म्हणून बाटलीवर चिकटवलेली कातरलेली कागदी पट्टी. त्या बाटलीत द्रावक म्हणून असे ते बहुधा साधे पाणीच. जे पाण्यात विरघळत नसे त्यासाठी मद्यार्क. वनस्पती मद्यार्कात भिजवून तिचा गुण उतरवून घेतला की झाले टिंक्चर. ही कल्पना आपल्याला परकी नव्हतीच. आसवे आणि अरिष्टे यांत आंबवण्यातून आपोआप निर्माण होणारा मद्यार्क हेच काम करतो आणि शार्ङ्गधरसंहितेत त्यांचा स्वतंत्र विचार आहे. बडोद्यात १९०७ साली प्रा. त्रिभुवनदास गज्जर, भाईलाल अमीन आणि प्रा. कोटिभास्कर यांच्या पुढाकाराने अलेम्बिक हा कारखाना उभा राहिला, तोही टिंक्चरे व मद्यार्क बनवण्यासाठीच. आणि त्याला नावही मिळाले ते अर्क काढण्याच्या भांड्याचे. शुद्ध मद्यार्क हाती असल्याशिवाय औषधांचा धंदा उभा राहत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

पाणी आणि मद्यार्क ही दोन जुनी, पारखलेली द्रावके. विसाव्या शतकात रसायनांच्या कारखान्यांतून त्यांना शेकडो भावंडे मिळाली. रंग पातळ करण्यासाठी, लाख मऊ ठेवण्यासाठी, यंत्रे थंड राखण्यासाठी ती बनली. त्यांतली कित्येक पाण्यासारखी नितळ, काही चवीला गोड, आणि किमतीला औषधी द्रावकांपेक्षा स्वस्त. डोळा, नाक व जीभ या तिघांनाही त्यांचा भेद कळत नाही. येथून पुढचा इतिहास या न कळण्याचा आहे.

पहिले मोठे प्रकरण अमेरिकेतले. तेथे १९२० च्या जानेवारीत देशव्यापी दारूबंदी आली आणि १९३३ च्या डिसेंबरापर्यंत टिकली. दारूबंदीत औषधी मद्यार्काला सवलत असते. तशी तेथेही होती. ‘जमेका जिंजर’ नावाचा सुंठेचा अर्क पोटदुखीवर व अपचनावर पिढ्यान्‌पिढ्या विकला जात असे. दोन औंसांची लहान बाटली, तिच्यात सत्तर-ऐंशी टक्के मद्यार्क. गरीब वस्त्यांतून हीच बाटली दारूच्या जागी जाऊ लागली, तेव्हा सरकारने नियम घातला की, अर्कात सुंठेचा अंश इतका असावा की तो सहजी पिववू नये. हा अंश मोजायचा कसा? तपासनीसाने नमुना उकळून द्रव उडवून लावायचा आणि खाली उरलेला गाळ तोलायचा. गाळ वजनाला भरला की माल पास.

कायद्याने विष निर्माण केले असे आम्ही म्हणणार नाही; पण ते ज्या साच्यात ओतले गेले तो साचा कायद्याच्या या कसोटीनेच घडवला होता. चोरट्या उत्पादकांना आता असा पदार्थ हवा होता की जो मद्यार्कात विरघळेल, उकळले तरी उडून जाणार नाही, चवीला जाणवणार नाही आणि तराजूत सुंठेच्या सत्त्वाची जागा भरून काढील. आरंभी एरंडेल तेल आणि काकवी यांवर भागले. पुढे एरंडेल महागले. बोस्टनमध्ये हा धंदा करणाऱ्या हॅरी ग्रॉस व मॅक्स राइझमन या दोघांनी दुसरा पदार्थ शोधला. लाखेची रोगणे आणि कचकड्याच्या वस्तू लवचिक राहाव्यात म्हणून कारखान्यांत वापरले जाणारे ‘लिंडॉल’ नावाचे तेलकट द्रव्य त्यांच्या हाती लागले. ते विषारी आहे काय, अशी विचारणा त्यांनी केली होती आणि नाही असे उत्तर त्यांना मिळाले होते. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते उत्तर प्रामाणिकही असेल. पण रोगणाच्या धंद्यातल्या माणसाला ‘विषारी आहे काय’ असे विचारणे आणि ‘माणसाने ते प्यायले तर काय होईल’ असे विचारणे यांत अंतर आहे. ते अंतर मोजण्याची दोघांपैकी कोणालाच निकड वाटली नाही.

१९३० च्या फेब्रुवारीअखेर ओक्लाहोमा शहरात डॉ. एफ्रेम गोल्डफेन यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याच्या दोन्ही पावलांतले बळ गेले होते. त्याच दिवसांत असेच आणखी रुग्ण येऊ लागले. थोड्याच आठवड्यांत दक्षिणेकडच्या आणि मध्य भागातल्या राज्यांतून हजारोंनी अशी माणसे दिसू लागली. अर्क प्यायल्यावर आठवडा-दोन आठवडे काही होत नसे. मग पोटऱ्या दुखत, मग पावले लोंबू लागत, कित्येकांच्या हातांतलेही बळ जाई. चालताना गुडघा उंच उचलावा लागे आणि पाऊल आपटत खाली येई. त्या चालीला लोकांनी नाव दिले, तिच्यावर गाणी रचली गेली आणि त्याच वर्षी त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. वैद्यकीय संशोधकांच्या आधी त्या गायकांनी कारण ओळखले होते. अर्काच्या बाटलीचेच नाव ते घेत होते.

अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेतील मॉरिस स्मिथ व त्यांचे सहकारी यांनी १९३० मध्येच ते द्रव्य शोधून काढले. ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट असे त्याचे रासायनिक नाव. सर्वच प्राणी त्याला सारखे बळी पडत नसत, म्हणून शोध अवघड झाला होता. कोंबड्यांवर मात्र परिणाम होई, आणि मज्जातंतूंवर असा उशिरा प्रहार करणाऱ्या विषांची परीक्षा पुढे कोंबडीवरच करण्याचा प्रघात पडला. बाधितांच्या संख्येचे अंदाज तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. नेमकी मोजदाद कोणी केली नाही. बहुतेक बाधित गरीब होते आणि दारू प्यायली हे कबूल करण्याची लाजही होतीच. ग्रॉस व राइझमन यांना शिक्षा झाली ती प्रत्येकी एक हजार डॉलर दंड आणि दोन वर्षांची स्थगित कैद एवढी. ग्रॉसने पुढे अटी मोडल्या म्हणून त्याला कैद भोगावी लागली.

हे द्रव्य तेथेच थांबले नाही. मोरोक्कोत मेकनेस येथे १९५९ मध्ये विमानाच्या इंजिनाचे वंगण मिसळलेले तेल खाण्यासाठी विकले गेले आणि सुमारे दहा हजार माणसे पांगळी झाली. पाठोपाठ १९६० च्या सुमारास खुद्द मुंबईत हातापायांचे बळ गेलेले रुग्ण आढळले. त्यांचा अभ्यास मुंबईच्या डॉक्टरांनी व शास्त्रज्ञांनी केला आणि तो १९६२ मध्ये इंग्लंडातील मज्जाशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातही दोषी द्रव्य हेच ठरले. १९८८ मध्ये कलकत्त्याच्या बेहाला भागात भेसळीच्या तेलातून पुन्हा तेच. रोगणाच्या डब्यातला पदार्थ स्वयंपाकघरात यायला दर वेळी एकच वाट सापडते. तेलासारखे दिसते, तेलात मिसळते, आणि तेलापेक्षा स्वस्त पडते.

बडोद्याच्या वाचकांना मात्र या विषयात दुसरेच नाव आधी आठवेल. १९८९ मध्ये त्या शहरात विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. गुजरातीत ज्याला लठ्ठाकांड म्हणतात त्या मालिकेतले ते एक. मुंबईत विक्रोळीला १९९१ च्या अखेरीस, अहमदाबादेत २००९ मध्ये, मालाडच्या मालवणीत २०१५ मध्ये आणि बोटाद परिसरात २०२२ मध्ये तेच घडले. या प्रकरणांविषयी आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे, ती येथे तपासून घेतली पाहिजे. भट्टी नीट लागली नाही, गूळ सडका होता, नवसागर जास्त पडला, म्हणून दारू विषारी झाली असे आपण बोलतो. आंबवण्यातून थोडा मिथिल मद्यार्क निर्माण होतो हे खरे, आणि फळांपासून काढलेल्या मद्यात तो जरा अधिक असतो. पण तो इतका थोडा असतो की गोव्यात उर्राक व फेणी पिढ्यान्‌पिढ्या काढली गेली तरी त्यांच्यामुळे वस्त्याच्या वस्त्या आंधळ्या झाल्याचा इतिहास नाही. शेकड्यांनी माणसे मरतात ती भट्टीच्या चुकीने नव्हेत. कारखान्यासाठी आलेला मिथिल मद्यार्क बाहेर काढून तो थेट विकला जातो किंवा गावठीत तीव्रता वाढवण्यासाठी मिसळला जातो, म्हणून ती मरतात. बोटादच्या प्रकरणात हे द्रव्य एका गुदामातून चोरून आणले होते आणि ते पाणी घालून पुड्यांत भरून विकले गेले. त्याला दारू म्हणायचे तरी कशाला? भट्टी तेथे पेटलीच नव्हती.

मिथिल मद्यार्क रंगाने, वासाने आणि आरंभीच्या गुंगीने नेहमीच्या मद्यार्काचा जुळा भाऊ आहे. फरक पडतो तो यकृतात. तेथे त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर पहिला घाला घालते. याला बारा तास, कधी दिवसभर लागतो. म्हणून रात्री प्यायलेला माणूस सकाळी बरा दिसतो आणि दुपारी धुके दिसत असल्याची तक्रार करतो. सुमारे तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, जीव घेण्यास पुरेसे होऊ शकतात. या विषाला उतारा आहे. फोमेपिझोल हे औषध, अथवा ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेला शुद्ध मद्यार्क, विषाचे ते रूपांतर रोखून धरतो, आणि रक्तशुद्धीने विष बाहेर काढता येते. पण त्यासाठी पहिल्या काही तासांत रुग्णालय गाठावे लागते. जेथे दारू पिणेच गुन्हा आहे तेथे माणूस दवाखान्यात जायला कचरतो, आणि तेच तास हातचे जातात. अमेरिकेतल्या दारूबंदीतही न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस हे सांगत होते. तेथे तर पिण्यास अयोग्य व्हावा म्हणून औद्योगिक मद्यार्कात मिथिल मद्यार्क घालण्याचा आदेश सरकारचाच होता, आणि लोक मरत असल्याचे दिसत असताना १९२६-२७ मध्ये त्याचे प्रमाण वाढवण्यात आले. नॉरिस यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. त्याचा उपयोग झाला नाही.

आता घरच्या प्रयोगशाळेकडे वळू. नशेचा पदार्थ स्वतःच्या स्वयंपाकघरात तयार करण्याचा नाद गेल्या अर्धशतकात अनेक देशांत पसरला, आणि येथे द्रावकाचा प्रश्न अधिकच उग्र झाला. औषधाच्या कारखान्यात एखादे सत्त्व वेगळे काढल्यावर निम्म्याहून अधिक श्रम ते धुण्यात, गाळण्यात आणि द्रावकाचा शेवटचा अंश घालवण्यात जातात. घरी हे श्रम कोणी घेत नाही. घेण्याची साधनेही नसतात. शिवाय बाजारात मिळणारे थिनर अथवा पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे. अनेक द्रव्यांचे ते मिश्रण असते आणि त्यातली जी उडून जात नाहीत ती अर्कातच राहतात. उडून जाणाऱ्यांची वाफ बंद खोलीत साठते आणि चुलीची ठिणगी शोधते, हा धोका वेगळाच.

रशियात २००३ च्या आसपासपासून ‘क्रोकोडिल’ या नावाने जे ओळखले गेले ते याचे भयंकर उदाहरण. डेसोमॉर्फिन हे मूळ औषध अमेरिकेत १९३० च्या दशकात तयार झाले होते आणि वैद्यकात थोडा काळ वापरलेही गेले. ते स्वतः मांस कुजवत नाही. पण रशियातल्या व्यसनी तरुणांनी खोकल्याच्या व डोकेदुखीच्या कोडीनयुक्त गोळ्यांपासून घरी ते बनवायला सुरुवात केली, तेव्हा सुईतून शिरेत गेले ते औषध कमी आणि पेट्रोल, थिनर, आम्ले यांचा गाळ अधिक. टोचलेल्या जागेची कातडी हिरवट, खवल्यांची होई, म्हणून मगरीचे नाव. पुढे मांस झडून हाडे उघडी पडत. १ जून २०१२ पासून रशियाने कोडीनच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, त्यानंतर हे लोण ओसरले. डेसोमॉर्फिनची रसायनविद्या बदलली नव्हती. फक्त दुकानाच्या फळीवरून कच्चा माल हलला.

अमेरिकेतले एक प्रकरण याहून सूक्ष्म आहे. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण माणसे पुतळ्यासारखी गोठलेल्या अवस्थेत रुग्णालयांत आली. त्यांना बोलता येईना, हलता येईना. लक्षणे सारी कंपवाताची, पण हा आजार वृद्धांचा. सॅन होजे येथील मज्जातज्ज्ञ विल्यम लँगस्टन यांनी मागोवा घेतला तेव्हा कळले की, हेरॉइनच्या जागी विकण्यासाठी बनवलेल्या एका कृत्रिम औषधात एमपीटीपी नावाचा अनाहूत पाहुणा शिरला होता. बनवणाऱ्याला तो नको होता आणि आहे हे ठाऊकही नव्हते. मेंदूतल्या नेमक्या त्याच पेशी त्याने मारल्या ज्या कंपवातात मरतात. १९८३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि कंपवाताच्या संशोधनाला त्याने नवी दिशा दिली. गोठलेल्या माणसांपैकी मात्र कोणाच्या मेल्या पेशी परत आल्या नाहीत.

येथवर वाचून पुष्कळांना वाटेल की, हा सारा गुत्त्यांचा, व्यसनाचा आणि चोरट्या धंद्याचा इतिहास. आपल्यासारख्या प्रपंची माणसांचा त्याच्याशी संबंध काय? जुन्या घरांतून गुत्ता आणि दवाखाना यांच्यामध्ये एक भक्कम भिंत मानली जाते. द्रावकाला ती भिंत दिसत नाही, हे दाखवण्यासाठीच आम्ही हा उलट क्रम घेतला.

सल्फानिलअमाइड हे १९३० च्या दशकातले चमत्काराचे औषध. घशाच्या संसर्गाने, सूतिकाज्वराने माणसे मरत त्या काळात जंतूंवर खरोखर चालणारे ते पहिल्यापैकी एक. पण ते गोळीत वा पुडीत येई आणि मुलांना देणे अवघड जाई. अमेरिकेत टेनेसी राज्यातील ब्रिस्टल येथे मॅसेनगिल नावाची जुनी, प्रतिष्ठित औषध कंपनी होती. तिचे प्रमुख रसायनतज्ज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स यांना १९३७ मध्ये या औषधाचे पातळ रूप हवे होते. पाण्यात ते पुरेसे विरघळेना, मद्यार्कातही विरघळेना. डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये ते छान विरघळले. वॉटकिन्स यांनी त्यात रासबेरीचा स्वाद आणि रंग घातला. रूप पाहिले, वास पाहिला, चव पाहिली. ते पोटात गेल्यावर काय होते हे पाहिले नाही. तसे पाहणे त्या काळी कायद्याने बंधनकारक नव्हते. मिश्रणात सुमारे ७२ टक्के भाग त्या द्रावकाचा होता. २४० गॅलन माल तयार होऊन सप्टेंबरात बाजारात गेला.

डायएथिलीन ग्लायकॉल शरीरात शिरले की यकृतात त्याचे विघटन होते आणि त्यातून होणारी द्रव्ये मूत्रपिंडाच्या पेशी मारतात. आधी उलट्या व पोटदुखी; मग लघवी कमी होत होत थांबते. घसा दुखतो म्हणून दिलेल्या औषधाने मूल आठ-दहा दिवस तळमळून मरते. १५ राज्यांत १०५ माणसे गेली, त्यांत ३४ मुले. अन्न व औषध प्रशासनाचे जवळजवळ सारे तपासनीस व रसायनतज्ज्ञ, २३९ माणसे, बाटल्या परत मिळवण्यासाठी दारोदार फिरले आणि २४० पैकी २३४ गॅलन त्यांनी हस्तगत केले. उरलेल्या सहा गॅलनांनी हे केले होते. आणि गुन्हा कोणता लागला? ‘एलिक्सिर’ या नावाच्या औषधात मद्यार्क असलाच पाहिजे असा नियम होता. यात तो नव्हता, म्हणून चुकीच्या नावाने माल विकल्याचा गुन्हा. विष विकल्याचा नव्हे. कंपनीला २६,१०० डॉलर दंड झाला. मालकांनी जबाबदारी नाकारली. वॉटकिन्स यांनी आत्महत्या केली. १९३८ मध्ये अमेरिकेत नवा औषध कायदा झाला आणि बाजारात आणण्याआधी औषधाची सुरक्षितता दाखवणे बंधनकारक ठरले.

हिंदुस्थानात कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०-३१ मध्येच औषधांतील भेसळीची पाहणी केली होती. कायदा झाला तो १९४० मध्ये, आणि तोही ब्रिटिश मुलखापुरता. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या पूर्वजांना त्याचे छत्र मिळण्यास संस्थाने विलीन होण्याची वाट पाहावी लागली.

पण कायद्याचे छत्र असूनही काय झाले ते पाहा. १९७३ मध्ये मद्रासला मुलांच्या रुग्णालयात चौदा मुले त्याच डायएथिलीन ग्लायकॉलने दगावली. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले. त्यांना डोक्यातील वा डोळ्यातील दाब उतरावा म्हणून ग्लिसरीन पाजले होते. येथे ग्लिसरीन हे नुसते अनुपान नव्हते, तेच औषध होते. पण त्याच्या नावाखाली बाटलीत आले होते कारखान्यातले विष. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी कडी कडी करून उलगडली. रुग्णालय, पुरवठादार, औषध नियंत्रण खाते, मंत्रालय, कोणालाही त्यांनी सोडले नाही आणि आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. मुंबईचे मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी १९८८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या प्रकरणावर लिहिले. आमच्या मते लेंटिन यांचा अहवाल हा आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाचा एक अस्सल दस्तऐवज आहे, आणि राजकीय इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याची घ्यावी तितकी दखल घेतलेली नाही.

त्यानंतर १९९८ मध्ये गुडगाव, २०१९ च्या अखेरीस जम्मूतील रामनगर. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात सुमारे सत्तर मुले दगावली. त्या मृत्यूंचा संबंध भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांशी जागतिक आरोग्य संघटनेने जोडला, आणि त्याच वर्षी उझबेकिस्तानातूनही तशीच बातमी आली. दर ठिकाणी गोड, नितळ, दाट असे पातळ औषध. दर ठिकाणी प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांच्या जागी त्यांचा स्वस्त, विषारी भाऊ. दोन्हींतला फरक प्रयोगशाळेत सहज कळतो. तेथे नमुना पाठवण्याचा खर्च आणि वेळ वाचवला जातो.

२०२५ च्या सप्टेंबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात सर्दी-खोकल्याची मुले लघवी बंद होऊन अत्यवस्थ होऊ लागली. जिल्हा मध्य प्रदेशातला, पण दुखणे हाताबाहेर गेले की तिकडची माणसे नागपूरचीच वाट धरतात. तशीच ही मुलेही नागपूरला आणली गेली आणि त्यांतली अनेक तेथेच गेली. ऑक्टोबरपर्यंत बळींची संख्या विसाच्या वर पोचली होती. त्यांना दिलेले ‘कोल्ड्रिफ’ नावाचे पातळ औषध तामिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात बनले होते. तेथील सरकारी प्रयोगशाळेने तपासले तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. औषधी दर्जाचे नसलेले द्रावक वापरले गेल्याचे तपासात पुढे आले. कारखान्याचा परवाना रद्द झाला आणि मालकाला अटक झाली. प्रत्येक घाण्याच्या कच्च्या मालाची चाचणी करणे कारखान्याला नियमाने आधीपासूनच बंधनकारक होते. गांबियानंतर, १ जून २०२३ पासून, आणखी एक नियम झाला होता: खोकल्याचे पातळ औषध देशाबाहेर पाठवण्यापूर्वी त्याचा नमुना सरकारमान्य प्रयोगशाळेतून तपासून घेतलाच पाहिजे. परासियाला गेलेल्या बाटल्या देशाबाहेर जाणार नव्हत्या.